मिठावरचा कुकर

कुमुदकाकूंची नानकटाई खाल्ली नाही असं घर आमच्या बिल्डिंगमध्ये सापडायचं नाही. आणि गेल्या काही वर्षांत कुमुदकाकूंना गेटबाहेर एकटं चालताना पाहिलंय, असा माणूसही सापडायचा नाही. त्यांचं दार माझ्या दारासमोर आहे. तेव्हा सांगायचा हक्क माझा.

मी जिज्ञासा. इथल्याच कात्रप गावची, आगरी. आता ही बिल्डिंग उभी आहे तिथे माझ्या आजोबांची भाताची खाचरं होती. बिल्डरनं जमीन घेतली आणि बदल्यात आम्हाला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट दिला. माझं तोंड जरा फटकळ आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. नवरा म्हणतो, तुला सोसायटीची सेक्रेटरी केलं तर महिन्याभरात बिल्डिंग रिकामी होईल. होऊ दे.

समोर खासनीस राहतात. चिंतामणी खासनीस आणि त्यांच्या मिसेस कुमुदिनी. एक मुलगा, वरद, तो हैदराबादला. खासनीसकाका अंबरनाथच्या एमआयडीसीत ॲल्युमिनियमचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात होते. भट्टीचं खातं त्यांच्याकडे. साधे सुपरवायझर म्हणून लागले आणि मोठे अधिकारी होऊन रिटायर झाले. उंच, गोरा, कडक इस्त्रीचा माणूस. आवाज कधी चढत नाही. कुणाला अरे-तुरे नाही, दारू नाही, सिगारेट नाही. भांडायला जावं तर हातात धरायला काही सापडतच नाही, असा माणूस. आणि त्यातली सगळ्यात वैताग आणणारी गोष्ट म्हणजे ते नेहमी बरोबर असतात.

पाण्याच्या टाकीला चीर जाणार, म्हणाले. गेली. लिफ्टवाला कंत्राटदार लबाड आहे, म्हणाले. निघाला. माझ्या इराला सायन्सचं प्रोजेक्ट होतं तेव्हा तर ते स्वतःहून आमच्याकडे आले, एका पत्र्यातून कापलेल्या दोन पट्ट्या घेऊन. एक पट्टी त्यांनी माझ्या शेगडीवर चिमट्यात धरून बराच वेळ तापवली, मग गार होऊ दिली. दोन्ही पट्ट्या इराच्या हातात दिल्या. दिसायला अगदी सारख्या. पण साधी पट्टी वाकवली की परत ताठ व्हायची, आणि तापवलेली वाकली ती वाकलीच. पोरगी चकित झाली, मीही झाले.

काकांनी तिला समजावलं ते मला अजून आठवतं, कारण शिकवताना तो माणूस खरंच छान बोलतो. म्हणाले, ॲल्युमिनियममध्ये दुसरे धातू थोडे-थोडे मिसळतात, त्याला दाबतात, लाटतात, काहींना भट्टीत ठराविक वेळ शेकतात, तेव्हा त्यात ताकद येते. पण तीच उष्णता गरजेपेक्षा जास्त वेळ मिळाली, तर आतली बांधणी सैल पडते आणि ताकद उतरते. एकदाच खूप तापवा किंवा थोडं-थोडं वर्षानुवर्षं तापवा, धातू सगळा हिशोब लक्षात ठेवतो. आणि वरून काही दिसत नाही, चकाकी तशीच राहते. म्हणून तर कारखान्यात माझ्यासारखी माणसं ठेवतात, असं म्हणून ते हसले. इराला त्या वर्षी प्रोजेक्टात पहिला नंबर मिळाला.

तर असे काका. आता काकूंचं सांगते. लग्नाआधी ठाण्याला बालवाडीत शिकवायच्या. इथे आल्यावर कात्रपमध्येही त्यांनी काही वर्षं शिकवलं. वरदची बारावी आली तेव्हा काका म्हणाले, हे वर्ष महत्त्वाचं आहे, तू घरी हवीस. बरोबरच होतं. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हाही घरी कुणीतरी हवंच होतं. तेही बरोबर. सासूबाई गेल्या तोवर काकूंना नोकरी कोण देणार, हा काकांचा मुद्दा होता. काय चुकीचं होतं त्यात? असं एकेक बरोबर रचत रचत त्या घरात बसल्या. तरी तेव्हा काका दिवसभर अंबरनाथला असायचे. काकू भाजीला जायच्या, देवळात जायच्या, माझ्याबरोबर एकदा उल्हासनगरला कॅम्प चारच्या बाजारात पडद्याचं कापड घ्यायला आल्या आणि तिथल्या सिंधी दुकानदाराशी अशी घासाघीस केली की तोच दमून म्हणाला, माताजी, अब ले जाओ.

मग काका रिटायर झाले. त्याच सुमारास आमच्या शेजारच्या विंगमध्ये भरदुपारी चोरी झाली. घरात म्हातारी एकटी होती, तिनं दार उघडताच चोरांनी तिला ढकलून दिलं. दुसऱ्या दिवसापासून काका बाहेर पडताना सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप लावायला लागले. किल्ली एकच, ती त्यांच्या खिशात. सकाळी कौसाबाई येऊन धुणं-भांडी करून गेली की काका निघायचे, ज्येष्ठ नागरिक संघात, बँकेत, कुठे कुठे. दुपारी जेवायला परत. तोवर काकू आत.

मी एकदा गेलेच भांडायला. म्हटलं, काका, माणसाला कोंडून ठेवतात का? त्यांनी मला शांतपणे पोलिसांचं परिपत्रक दाखवलं, एकट्या ज्येष्ठांनी दार उघडू नये म्हणून. मी म्हटलं, आग लागली तर? म्हणाले, म्हणूनच तर मी हिला सांगतो की मी नसताना गॅस कमी वापर. मी दात ओठ खात परत आले. काकू मागे उभ्या होत्या, मला हातानं खुणावत होत्या, जाऊ दे गं. वरदला फोन केला तर तो म्हणाला, ताई, बाबांची काळजी करायची पद्धत तशी आहे. पद्धत म्हणे. माझं डोकंच फिरलं, पण परक्याच्या घरात किती शिरणार?

काकू मात्र त्या कुलपाआड कधी रडत बसल्या नाहीत. त्यांनी नानकटाई काढली. ओव्हन घ्यायला काकांची ना होती, बिल येतं आणि वायरिंग जुनं आहे. मग काकूंनी घरातला पाच लिटरचा जुना कुकर घेतला, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढून टाकली, तळाला जाडं मीठ पसरलं, त्यावर जाळी, जाळीवर ताटली. मीठ आमच्याकडचं. माझ्या मामांचं अजून खाडीवर मिठागर आहे, तिथून गोणी येते. पाणी-बिणी काही नाही, कोरडाच कुकर तासन्‌तास गॅसवर. त्यात नानकटाई अशी खुसखुशीत व्हायची की बेकरीवाला लाजेल. केकही करायच्या, पण गोल नाही. गोल केक सेफ्टी डोअरच्या गजांतून बाहेर यायचा नाही. म्हणून त्यांनी अरुंद लांबट डबे शोधले. आमच्या मजल्यावरच्या पोरांना कितीतरी दिवस वाटायचं की केक असाच असतो, विटेसारखा.

काकांनी पहिल्याच आठवड्यात तो कुकर हातात घेऊन सांगितलं होतं. पाणी असतं तोवर कुकर फार तापत नाही, कोरडा ठेवलास की कितीतरी जास्त तापतो. रोजचं असं शेकलंस तर पत्रा मऊ पडणार. तेव्हा ह्यात पुन्हा कधीही डाळ-भात लावायचा नाही, वाफेचा दाब ह्याला झेपणार नाही. काकूंनी मान डोलावली. वरणभाताला दुसरा कुकर होता. मिठावरच्या कुकरची जागाही वेगळी केली, वरच्या फळीवर. त्याला पाणी लावायलाही त्या कौसाबाईला देत नसत, स्वतः पुसून ठेवत. काकांच्या सगळ्या नियमांतला हाच एक नियम त्यांनी मनापासून पाळला, कारण हा पटला होता.

तीन-चार वर्षं हे सुरळीत चाललं. आधी बिल्डिंगमधले, मग शेजारच्या सोसायटीतले, मग शाळेतल्या बायका. सकाळी अकराच्या सुमाराला समोरच्या दारापाशी कुणी ना कुणी उभं असायचं. काकू गजांतून पुडे द्यायच्या आणि गप्पा मारायच्या. कुणाची सून कशी, कुणाचं दुखणं काय, सगळं त्यांना ठाऊक. हसायच्या मोठ्यानं. मला वाटतं, तेच काकांना खुपलं. दारात परकी माणसं येतात, घरात कोण कधी एकटं असतं हे सगळ्यांना कळतं, असं ते म्हणायला लागले. आता यातही चुकीचं काय काढणार? दिवाळीच्या तोंडावर एका डॉक्टरीणबाईंनी मोठी ऑर्डर दिली, तेव्हा काका म्हणाले, हे आता थांबव, कुमुद. काकू प्रथमच म्हणाल्या, एवढी दिवाळी होऊ दे. 

त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी मी पोळ्या करत होते. समोरून लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. दार उघडलं तर काकू लाटण्यानं सेफ्टी डोअर ठोकत होत्या. चेहरा पांढराफटक.

"जिज्ञासा, माझा कुकर कौसाकडे गेलाय," त्या म्हणाल्या. "ती त्यात डाळ लावेल."

झालं होतं असं. त्या आंघोळीला गेल्या असताना काकांनी कुकर फळीवरून काढला आणि कौसाबाईला देऊन टाकला. नुसता दिला नाही, तर आदल्या दिवशी बाजारातून आणून ठेवलेली नवी रिंग, नवी शिट्टी आणि नवा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवून दिला. घासून-पुसून लख्ख. काकूंना ऑर्डरचं पीठ मळताना फळी रिकामी दिसली. फोन केला तर काका म्हणाले, हो, दिला तिला, तिच्याकडे गळकं पातेलं आहे, दिवाळीचं काही द्यायचंच होतं, आणि तुला आता या वयात हा ताप नको. काकू म्हणाल्या, अहो, पण ती त्यात प्रेशर… तेवढ्यात पलीकडून बैठक सुरू झाली, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. नंतर फोन बंद. बैठकीत फोन बंद ठेवायचा हाही त्यांचा नियम. कौसाबाईचा फोन तर रिचार्ज संपून कधीचा मुका पडलेला.

मला क्षणभर कळलंच नाही की एवढं काय झालं. मग इराच्या हातातली ती वाकून राहिलेली पट्टी आठवली. कौसाबाई आमच्याकडची दोन-तीन घरं आटपून घरी जाते आणि दुपारचं जेवण रांधते. म्हणजे आता गेलीच असेल.

"मी येते तुझ्याबरोबर," काकू म्हणाल्या, आणि आत जाऊन चपला घालून आल्यासुद्धा. मग आम्ही दोघी कुलपाकडे बघत उभ्या राहिलो. त्यांनी एकदा गज धरून हलवून पाहिला.  शेवटी त्याच म्हणाल्या, तू जा, पळ.

स्कूटी काढली आणि सुटले. कौसाबाई पाड्यावर राहते, कात्रपच्या पुढे रस्ता संपतो तिथे, पत्र्याच्या खोलीत. सगळ्या वाटेवर खोदून ठेवलंय, गटाराचं काम आहे. एका ठिकाणी डंपर आडवा. मी हॉर्न वाजवून वाजवून थकले, ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत होता. त्याला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं डंपर काढला.

पाड्यावर पोचले तेव्हा कौसाबाईच्या दारात गर्दी होती. मी स्कूटी तशीच टाकून आत शिरले. भिंतीवर डाळ, पत्र्यावर डाळ, देवाच्या फोटोवर डाळ. झाकण कोपऱ्यात, दोरीवरच्या कपड्यांत अडकलेलं. कुकर चुलीच्या ओट्यावर आडवा पडलेला, त्याचा काठ एका बाजूनं फाकलेला आणि तळ फुगून गोल झालेला. दुसऱ्याच शिट्टीला झाकण उडालं होतं. कौसाबाई मिरची आणायला मागच्या दाराकडे वळली होती म्हणून तोंड वाचलं. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला होता आणि एक बाई त्यावर टूथपेस्ट चोपडत होती. मी तिच्या हातातून ट्यूब हिसकावली, कौसाबाईला नळाखाली बसवलं आणि कितीतरी वेळ हातावर पाणी सोडलं. 

डॉक्टरकडे चल म्हटलं तर बाई ऐकेना. कौसाबाई पाड्यावरचीच, रागीट, माझ्याच जातकुळीची.

"आधी साहेबाला इचारते," ती म्हणाली. "मना फुटका कुकर कशाला दिला? मी काय वाईट केलाय त्याचा?"

ओल्या फडक्यात हात गुंडाळून ती माझ्यामागे स्कूटीवर बसली. कुकर आणि झाकण पिशवीत घालून मांडीवर. वाटेत खड्डा आला की कण्हायची.

तिसऱ्या मजल्यावर आलो तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या, गजांना धरून, पायात चपला तशाच. कौसाबाईचा हात पाहिला आणि त्यांनी तोंडावर पदर धरला. गजांतून हात बाहेर काढून त्यांनी कौसाबाईच्या खांद्याला हात लावला. काही बोलणार तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि काका आले. हातात भाजीची पिशवी, किल्ली आधीच बोटात.

काकांनी आम्हा तिघींना पाहिलं. मी कुकर पिशवीतून काढून त्यांच्यासमोर धरला. मला वाटलं, आता तरी हा माणूस हादरेल. पण सवय मोठी वाईट. त्यांनी कुकर हातात घेतला, चष्मा वर केला, फाकलेल्या काठावरून अंगठा फिरवला, तळ वाजवून पाहिला. चेहऱ्यावर अगदी तोच भाव, इराला शिकवतानाचा.

"बघा," ते म्हणाले. "पूर्ण मऊ पडलाय. ह्याला प्रेशर द्यायलाच नको होतं."

कौसाबाई म्हणाली, मग दिलात कशाला? तेव्हा कुठे त्यांची नजर तिच्या हातावर गेली. चेहरा उतरला, हे मी खोटं सांगणार नाही. ते पटकन म्हणाले की डॉक्टरचा सगळा खर्च ते करतील, नवा कुकर आजच आणून देतील. मग घसा खाकरला आणि हळूच म्हणाले, "कुमुद विसरली तुम्हाला सांगायला. वय झालंय तिचं. काय गं कुमुद?"

आणि त्यांनी काकूंकडे पाहिलं. मी त्या नजरेला ओळखते. टाकी, लिफ्ट, नोकरी, सासूबाई, सगळ्या वेळी ते असंच बघायचे आणि काकू मान हलवायच्या. हो, माझंच चुकलं, एवढं म्हटलं की घर पुन्हा शांत. त्या दिवशीही त्यांना फक्त मान हलवायची होती. कौसाबाई काकूंकडे बघत होती. तिला खरं कोण सांगणार होतं? तिच्या लेखी काकू म्हणजे या घरातलं एकमेव माणूस, जे तिच्याशी मनमोकळं बोलायचं.

काकूंनी गज सोडले.

"मी विसरले नाही," त्या म्हणाल्या. "मला विचारलंच नाही. ह्यांना ठाऊक होतं, कौसा. ह्यांनीच मला शिकवलं होतं, ह्यात डाळ लावायची नाही म्हणून."

  काकांना कुकर देताना खरंच आठवलं नव्हतं, की आठवूनही आपल्या घरातून गेला म्हणजे झालं असं वाटलं होतं, ते मला आजही माहीत नाही. विचारलं तरी सांगणार नाहीत. ते एवढंच म्हणाले, आपण आत बोलू. आणि किल्ली कुलपात घातली.

कुलूप निघालं, सेफ्टी डोअर करकरत उघडलं. काका आत पाऊल टाकणार तोच काकूंनी आतलं लाकडी दार लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

काकांनी बेल वाजवली. स्वतःच्या दाराची बेल त्यांनी कधी वाजवली असेल असं मला वाटत नाही. कुमुद, दार उघड, शेजारी बघताहेत, असं ते दाराला तोंड लावून म्हणाले. आतून काकूंचा आवाज आला, अगदी शांत.

"किल्ली आत टाका."

काका म्हणाले, हा काय पोरकटपणा आहे. किल्लीचा इथे काय संबंध? मग म्हणाले, तू गडबडीत किल्ली हरवशील. मग म्हणाले, बरं, उद्या दुसरी करून आणू. दरवेळी आतून तेच तीन शब्द. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, की मी काही तरी बोलावं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीही बोलायची इच्छा नव्हती, फक्त बघायची होती. शेवटी ते उकिडवे बसले, गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, आणि त्यांनी ती किल्ली दाराखालच्या फटीतून आत सरकवली.

 मग दार उघडलं. काकू बाहेर आल्या, खांद्याला पर्स. त्यांनी काकांकडे पाहिलं नाही. कौसाबाईचा चांगला हात धरला आणि म्हणाल्या, चल, आधी डॉक्टर. मला म्हणाल्या, स्कूटीवर तिघी बसत नाहीत ना, तर रिक्षा बघ. लिफ्टसाठीही थांबल्या नाहीत, जिन्यानं उतरायला लागल्या.

काका मागून म्हणाले, अगं, कुलूप? मी लावू कशानं? किल्ली तुझ्याकडे.

काकू जिन्याच्या वळणावर थांबल्या. "तुम्ही आहात ना घरी," त्या म्हणाल्या, आणि उतरल्या.

दवाखान्यात कौसाबाईच्या हाताला मलमपट्टी झाली. इंजेक्शन दिलं, डाग राहील म्हणाले. काकू तिच्याशेजारी बसून होत्या. नंतर त्या तिला घरी पोचवायला गेल्या, तिचा ओटा पुसला, भिंत पुसली, तिला भात करून दिला. मला म्हणाल्या, तू जा, मी येईन माझी माझी. मी त्यांना तिथेच सोडून आले. रस्ता नीट ओलांडतील ना, असं मला वाटलं आणि माझीच मला लाज वाटली.

तिसऱ्या मजल्यावर आले तर खासनीसांचं दार सताड उघडं. काका खुर्ची दारात ओढून बसले होते. जेवले नव्हते. मी म्हटलं, काका, आतून कडी लावा आणि आडवे व्हा, तोंड सुकलंय. म्हणाले, कडीचा काय भरवसा? दाराला कुलूप नाही, असं कसं सोडून जाणार? दुपारी संघात त्यांचं भाषण होतं, तेही गेलं. मजल्यावरची पोरं खेळताना डोकावून गेली. दूधवाला येऊन गेला. मी चहा नेऊन दिला, तो त्यांनी तिथेच बसून घेतला. उठून स्वयंपाकघरात गेले नाहीत, बाथरूमला जायचं म्हणून मला दाराशी उभं राहायला सांगितलं. दिवे लागले तरी काकू आल्या नव्हत्या, आणि चिंतामणी खासनीस उघड्या दारात बसून होते, जिन्यावर पावलं वाजली की मान वर करत.